ओटो डिक्सचं 'युद्ध' बघायला बसाल तेव्हा

युद्धविरोधी चित्र समोर आलं की आपलं लगेच सुरू होतं, हे कशाचं प्रतीक न् ते कशाचं प्रतीक. या चित्रावर लिहायचं असेल तर ते जरा बाजूला ठेवा, आधी साल बघा. जर्मन चित्रकार डिक्सने 'युद्ध' हे चित्र १९२९ ते १९३२ मध्ये रंगवलं, आणि पहिलं महायुद्ध तर १९१८ लाच संपलेलं, मग हा बाबा दहा वर्षांनी परत खंदकात कशाला गेला? स्वतः मशीनगनवर होता, १९१६ ला फ्रान्समधल्या सॉमच्या लढाईत होता, त्यामुळे ऐकीव काहीच नाही. पण तो रंगवत होता तेव्हा जर्मनीत शौर्याच्या गोष्टी परत जोरात खपायला लागलेल्या. एवढं डोक्यात ठेवा आणि मग फोटो झूम करा.

आता मांडणी. मधला चौकोन दोन मीटरच्या थोडा वर, दोन्ही बाजूंना निम्म्या रुंदीचं एकेक पॅनल, खाली आडवी पट्टी. म्हणजे थेट चर्चमधलं वेदीचित्र! ग्रूनेवाल्ड या सोळाव्या शतकातल्या जर्मन चित्रकाराचं ईसेनहाइमचं वेदीचित्र शेजारच्या टॅबमध्ये उघडून ठेवा, निम्मं काम तिथेच होतं. तिकडे बाप्तिस्मा देणारा संत योहान क्रूसावरच्या येशूकडे बोट दाखवतो, इकडे वर लोखंडाला लटकलेला सांगाडा बोट दाखवतोय आणि खाली गॅस मास्क घातलेला एकटा सैनिक. तिकडे येशूच्या अंगभर जखमा, इकडे उजवीकडे उलटे वर आलेले पाय, गोळ्यांनी चाळण झालेले. हे पाय नीट बघा, घाईत सुटतात. रंगसुद्धा जुन्या उस्तादांसारखे पातळ थरांवर थर देत लाकडावर चढवलेत, म्हणून सडलेलं मांसही चकाकतं, जे मला अजून झेपत नाही.

डावीकडे धुक्यात पाठमोरे निघालेले सैनिक, उजवीकडे जखमीला ओढून आणणारा माणूस, त्याचा चेहरा खुद्द डिक्सचा. खालच्या पट्टीत आडवे पडलेले झोपलेत की मेलेत यावर निकाल देऊ नका, दोन्ही लिहा, फक्त ग्रूनेवाल्डच्या खालच्या पट्टीत मेलेला येशू आहे हे नमूद करा. आणि वर कुठे पुनरुत्थान, म्हणजे मेलेल्याचं परत जिवंत होणं, दिसतंय का शोधा, नाहीये.

शेवटी परत सालाकडे या. १९३२ ला बर्लिनमध्ये हे चित्र लोकांसमोर आलं, १९३३ ला नाझी आले आणि ड्रेस्डेनच्या अकादमीतली डिक्सची प्राध्यापकी गेली. चित्र आज त्याच ड्रेस्डेनमध्ये आहे.