ब्रूडर लावा, शेगडी लावा, पण पडदा वरून एक वीत उघडा ठेवा

नागपुरात पारा कुठवर उतरतो हे २९ डिसेंबर २०१८ ला पाह्यलंच आपण, ३.५ अंश. तेव्हापासून थंडीचा नुसता अंदाज आला की कुही, मौदा, उमरेडकडचे पोल्ट्रीवाले भाऊ शेडचे पडदे आवळतात, फटीत खताची रिकामी पोती कोंबतात अन् आत गॅस ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारी गॅसची शेगडी) नाहीतर कोळशाची शेगडी पेटवतात. सकाळी पिल्लं मेलेली. मंग थंडीच्या नावानं बोटं मोडायची. थंडीनं नाही भाऊ, गुदमरून मेली ती.

एका शेडमधलं सांगतो, डोळ्यानं पाहिलेलं. थर्मामीटर बरोबर ३३ वर. थंडी वाजली असती तर पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढून मेली असती, इथं जागच्या जागी माना टाकलेल्या. राखणीचा माणूस बाहेर डोकं धरून ओकत होता, सगळे म्हणे रात्रीचं मटण बाधलं. शेगडीत धूर अजिबात नव्हता, लाल निखारे फक्त. हेच फसवते. धूर गेला म्हणजे धोका गेला असं नाही, निखाऱ्यातूनच कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो, वास नाही, रंग नाही, अन् रक्तात ऑक्सिजनची जागा तोच बळकावतो.

म्हणून पडदा खालून पक्का बांधा अन् वरून सोडा. बरेच जण उलटं करतात, खालून गुंडाळतात, मंग गार वारं सरळ पिल्लांवर. आपल्याकडे हिवाळ्यात वारं उत्तरेकडून, तिकडची फट चार बोटं ठेवली तरी चालते, दक्षिणेची पूर्ण वीतभर. पेटती अगरबत्ती फटीजवळ धरून पहा, धूर बाहेर ओढला गेला पाहिजे. गॅस वाचवायचा तर शेडचा एक तृतीयांश भाग पडद्यानं वेगळा करून तेवढाच तापवा, हवा बंद करून गॅस वाचत नाही, पिल्लं जातात.

बाकीचं रोजचं:
- धानाचं तूस २-३ इंच, कोरडं. चिकगार्ड (पिल्लांभोवतीचं गोल कडं) दीड फूट उंच
- पिल्लं यायच्या २४ तास आधी ब्रूडर चालू
- पहिला आठवडा ३३ ते ३५ अंश, मंग दर आठवड्याला ३ अंश कमी. थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर
- लसी: लासोटा (राणीखेत रोगाची) ५ ते ७ वा दिवस, गंबोरो (त्याच नावाच्या रोगाची) १२ ते १४ वा

ब्रूडर साखळीला टांगा, सुतळीला नाही. तूस बारुदासारखं पेटते, पाण्याची अन् रेतीची बादली दारातच हवी. सिलिंडर शेडच्या बाहेर, उभा. पाइपच्या जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पहा. गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, त्यामुळे वास आला तर आधी रेग्युलेटर बंद, खालचे पडदे उघडा, बल्बच्या बटनाला हात नको. रात्रभर चालून सिलिंडर गार पडतो, वर बर्फ धरते, तेव्हा काही जण त्याच्याखाली शेगडी सरकवतात! असं करू नका, दोन सिलिंडर जोडून घ्या.

ज्योत निळी पाहिजे. पिवळी झाली, काजळी धरली म्हणजे तुसाची धूळ जेटमधे (गॅस निघायच्या बारीक भोकात) गेली, ब्रूडर बंद करून थंड झाल्यावर साफ करा. यात पैसा लागत नाही. दुकानदार मात्र मरतुक सांगितली की लगेच "विंटर टॉनिक"ची बाटली हातात ठेवतो. हवा नसलेल्या शेडमधे टॉनिक काय करणार? पहिल्या दिवशी लिटरला २० ग्रॅम गूळ घालून पाणी द्या, माझ्या अनुभवात तेवढं पुरते. मरतुक थांबतच नसेल तर मेलेलं पिल्लू घेऊन सरकारी पशुवैद्यकाकडे जा.

आभाळ निघून साफ झालं अन् वारं पडलं की त्या रात्री पहाटे ३ ते ६ जास्त टोचते, हा माझा अंदाज सहसा चुकत नाही. त्याच रात्री माणूस उठून वरची फट बंद करतो, म्हणून आधीच बजावून ठेवा. अन् त्याची खाट शेडमधे नको, बाहेरच्या खोलीत टाका, पण तिथंही शेगडी घेऊन दार लावून झोपायचं नाही. कोणाचं डोकं जड झालं, मळमळलं तर आधी उघड्यावर आणा, १०८ ला फोन करा, शेगडीचं नंतर पाहू.