चुनखडीच्या रानात हिराकस वापरताना

कृष्णा आणि वारणाकाठच्या चुनखडीयुक्त काळ्या रानांत आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावल्या जाणाऱ्या, उसाची लागण झाल्यावर सततच्या पावसाने जमीन वाफशावर (जादा पाणी निचरून मातीत हवा खेळेल अशा ओलीवर) येत नाही, तेव्हा पोंग्याजवळची कोवळी पाने पिवळी किंवा पांढरट पडतात आणि शिरा मात्र काही दिवस हिरव्या राहतात. हा केवडा, म्हणजे पानांचा पिवळेपणा, लोहाच्या कमतरतेचा असतो. नत्र कमी पडल्यास पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांपासून सुरू होतो. तर बेटात गवतासारखे बारीक, पांढरट फुटवे दाटीने आले असतील तर तो गवताळ वाढीचा रोग समजून ते बेट मुळासह काढून नष्ट करावे, कारण तेथे कोणतेही खत उपयोगी पडत नाही.

लोहासाठी सर्वांत स्वस्त खत म्हणजे हिराकस, अर्थात फेरस सल्फेट. पोलाद स्वच्छ करताना व टायटॅनियमचे पांढरे रंगद्रव्य तयार करताना ते उपउत्पादन म्हणून निघते आणि सांडपाणी शुद्धीकरणापासून शाई व रंगकामापर्यंत वापरले जाते. म्हणून शेतीसाठी घेताना 19 टक्के लोह असलेले खत दर्जाचेच घ्यावे. चांगला माल फिकट हिरवट स्फटिकांचा असतो. दमट हवेत त्यावर तांबूस-पिवळा थर चढतो, तो भाग पिकाला फारसा लागू होत नाही. त्यामुळे पावसाळ्यात उघडे पोते विकत घेऊ नये आणि घरातले पोते प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे.

आपल्या जमिनीत लोह नसते असे नाही. चुन्यामुळे ते मुळांना न मिळणाऱ्या रूपात अडकते, आणि नुसते हिराकस सरीत टाकले तर तेही थोड्याच दिवसांत तसेच अडकून पडते. या एका कारणाने दरवर्षी कितीतरी पोती वाया जातात, याचे वाईट वाटते. माती परीक्षणात लोह कमी आढळल्यास उसाला हेक्टरी 25 किलो हिराकस त्याच्या दहापट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून 5 ते 7 दिवस मुरवावे आणि मगच मुळांजवळ मातीआड करावे. डीएपी किंवा सुपर फॉस्फेट या स्फुरदाच्या खतांत ते कालवू नये, कारण स्फुरद आणि लोह एकमेकांना बांधतात.

उभ्या पिकावर पिवळेपणा दिसू लागला असेल तर पावसाची उघडीप पाहून फवारणी करावी. 10 लिटर पाण्यात आधी 10 ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवावे, विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असेल तर हे अत्यावश्यकच आहे, आणि नंतर 50 ग्रॅम हिराकस टाकावे. द्रावण गढूळ तांबूस झाले तर ते फवारण्यात अर्थ नाही. त्याच दिवशी ताजे द्रावण तयार करून सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर फवारावे. लोह जुन्या पानातून नव्या पानाकडे फारसे सरकत नसल्याने 8 ते 10 दिवसांच्या अंतराने दोन-तीन फवारण्या लागतात. मात्रा वाढवल्यास पाने करपतात. बोर्डो मिश्रणासोबत (मोरचूद व चुन्याचे बुरशीनाशक) हिराकस मुळीच मिसळू नये, आणि मिरज-तासगावच्या बागायतदारांनी द्राक्षमणी धरल्यानंतर त्याची फवारणी टाळावी, कारण मण्यांवर डाग पडतात.

ठिबकमधून लोह द्यायचे असल्यास चुनखडीच्या जमिनीत ईडीडीएचए चिलेट (लोह विरघळलेले ठेवणाऱ्या सेंद्रिय संयुगात बांधलेले खत) टिकते. ईडीटीए चिलेट अशा जमिनीत लवकर निकामी होते. ईडीडीएचए महाग असल्याने, आधी चर काढून साचलेल्या पाण्याचा निचरा करावा आणि त्यानंतरही नवी पाने पिवळीच येत राहिली तरच तो खर्च करावा.