पोळ्या लाटणाऱ्या हाताचा अंगठा

ठाण्यात नौपाड्याला मी घरून रोज साठ-सत्तर पोळ्या करून द्यायचे. मागच्या पावसाळ्यात सांडशीने तवा उचलला आणि अंगठ्याच्या मुळापासून मनगटात अशी कळ गेली की तवा ओट्यावरच आदळला. मग फडकं पिळताना, बरणीचं झाकण फिरवताना तेच. आठवडाभर बाम चोळला, मेडिकलमधून मनगटाचा पट्टा आणला. दोन्ही चुकलं.

अंगठा बाजूला नेणाऱ्या आणि वर उचलणाऱ्या दोन कंडरा (घरात आपण शिराच म्हणतो) मनगटाच्या कडेला एका अरुंद बोगद्यातून जातात. तेच तेच काम करून बोगद्याचं आवरण जाड होतं आणि कंडरा आत अडखळते. चोळलं की आणखी चिडते. १८९५ साली डी क्वेर्वेन नावाच्या स्विस सर्जनने याचं वर्णन केलं, म्हणून आजारालाही तेच नाव.

अंगठा मुठीत घ्या आणि मूठ हळूच करंगळीच्या बाजूला झुकवा. थोडा ताण कुणालाही बसतो, म्हणून दुसऱ्या हाताशी ताडून बघा. एकाच हाताला डोळ्यांत पाणी येईल इतकं दुखलं तर डॉक्टरांना दाखवा. अंगठ्याला आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येत असतील तर मात्र नस दबलेली असू शकते, ते दुखणं वेगळं. आणि पडल्यावर दुखायला लागलं असेल किंवा मनगट लाल, गरम होऊन ताप आला असेल तर त्याच दिवशी जा.

माझ्या पट्ट्यात अंगठा मोकळाच होता, मग उपयोग काय? अंगठ्यालाही धरून ठेवणारा स्प्लिंट लागतो. मी तो पाच आठवडे घातला. तेवढे दिवस पोळ्या बहिणीने लाटल्या, मी डाव्या हाताने भाजल्या. निम्म्या करपल्या! बर्फ रुमालात गुंडाळून दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. दुखण्यावरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, पित्त, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर नक्कीच.

तरी कळ उरली, तेव्हा आवरणात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं. मला डायबेटिस आहे, चार दिवस साखर चढलेली होती. तुम्हालाही असेल तर आधी सांगा. त्यानेही भागलं नाही तर आवरण मोकळं करायचं छोटं ऑपरेशन असतं, माझ्यावर ती वेळ आली नाही.

आता कणीक अंगठ्याने न रेटता तळव्याने मळते, लाटणं गच्च न धरता तळव्याखाली फिरू देते. जांभळी नाक्यावरून भाजी आणायची तर पिशवी खांद्याला. नातवाला काखेत अंगठे ताणून उचलत नाही, तळवे वर करून खालून घेते. बाळंतिणींना हे दुखणं का गाठतं, ते तेव्हा कळलं. पोळ्या चाळीसच घेते, आणि सांडशी माळ्यावर टाकून दोन्ही बाजूंना कान असलेला तवा आणलाय.