ब्लॅक आयांसाठी गाण्यांची मैफल जमवायचीय? मग आधी ती प्लेलिस्ट बाजूला ठेवा

मे महिना जवळ आला की अमेरिकेत ऑफिसात, लायब्ररीत, मुलांच्या शाळेत कोणाला तरी वाटतं की यंदा ब्लॅक आया (म्हणजे आफ्रिकन-अमेरिकन माता), त्यांची संस्कृती, त्यांचं म्युझिक असा काहीतरी कार्यक्रम करूया, आणि मग तोच माणूस फोनवर आईवरची गाणी शोधतो, वीसेक गाणी रांगेत लावतो आणि झालं काम म्हणतो. त्या रांगेत काय असतं बघा ना. इंट्रूडर्सचं १९७३ चं ‘आय विल ऑल्वेज लव्ह माय मामा’, टुपाकचं १९९५ चं ‘डिअर मामा’, बॉइझ टू मेनचं १९९७ चं ‘अ साँग फॉर मामा’. एकसे एक गाणी आहेत, त्याबद्दल वादच नाही, पण सगळी पोरांनी आईवर गायलेली. कार्यक्रम आईचा आणि माईक पोराच्या हातात! म्हणून माझा पहिला आणि खरं तर एकमेव हट्ट हा की निम्म्याहून जास्त गाणी आयांच्या, आज्यांच्या, लेकींच्या स्वतःच्या आवाजात पाहिजेत. पोरांची दोन-तीन ठेवा, बास.

तारखेचं आधी उरकून घेऊ. मदर्स डे मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी असतो, पण त्या दिवशी सकाळी सगळे चर्चमध्ये आणि दुपारी घरच्यांबरोबर जेवायला, त्यामुळे तुमच्याकडे कोण येणार? आदल्या दिवशीचा शनिवार बरा. नाहीतर ११ ते १७ एप्रिल हा ब्लॅक मॅटर्नल हेल्थ वीक, म्हणजे ब्लॅक मातांच्या आरोग्याचा आठवडा असतो, २०१८ पासून सुरू झालाय, तेव्हा करा. जून पण चालतो, १९७९ मध्ये जिमी कार्टर यांच्या वेळी जून हा ब्लॅक म्युझिकचा महिना म्हणून सुरू झाला, आणि १९ तारखेला जूनटीन्थ, म्हणजे गुलामगिरी संपल्याचा दिवस असतोच.

तुम्ही स्वतः ब्लॅक नसाल (हे वाचणारे बहुतेक नसणारच) तर आधी सगळं ठरवून मग ‘तुम्ही पण या हां’ असं आमंत्रण धाडू नका. तिथल्या ब्लॅक बायकांना आधी विचारा की असं काही हवंय का, हवं असेल तर गाणी कोण निवडणार, माईकवर कोण बोलणार. तुम्ही खुर्च्या लावा, स्पीकर आणा, बिलं भरा. आणि गाणाऱ्या बाईला पैसे द्या हो, ‘चांगल्या कामासाठी आहे’ म्हणून फुकट गायला लावायची सवय फार वाईट.

आता गाण्यांचा क्रम. यात वेळ घाला कारण सगळी मजा इथेच आहे. सुरुवात दुःखाने करू नका. लहान मुलं असणारच, त्यांना आधी गुंतवा. शिकागोच्या एला जेंकिन्स यांचं मुलांसाठीचं काम यासाठी मस्त, २०२४ मध्ये शंभरी पूर्ण करून गेल्या त्या. त्यांची पद्धत अशी की एकाने ओळ टाकायची आणि सगळ्यांनी ती उचलायची, भजनात टाळकरी मागून ओढतात ना तसं. आवाज चांगला नसला तरी कोणी लाजत नाही आणि पाच मिनिटांत खोली एक होते.

मग एलिझाबेथ कॉटन. नॉर्थ कॅरोलायनाच्या, डावखुऱ्या, उजव्या हाताची गिटार सरळ उलटी धरून वाजवायच्या, म्हणजे अंगठ्याने सूर आणि बोटांनी बास. लहानपणीच ‘फ्रेट ट्रेन’ हे गाणं रचलं, मग लग्न, लेक, लोकांच्या घरची कामं, आणि गिटार कितीतरी वर्षं सुटलीच. वॉशिंग्टनमध्ये सीगर या गाण्यातल्या कुटुंबाकडे कामाला असताना त्यांनी परत गिटार हातात घेतली आणि पहिला अल्बम आला तो १९५८ मध्ये, साठी ओलांडल्यावर. लावायचं मात्र त्यांचं ‘शेक शुगरी’ लावा, १९६७ च्या अल्बममधलं, कारण त्यात पणजी गिटार वाजवतेय आणि पणती ब्रेंडा गातेय. ब्रेंडाचा तो बारीक, जरासा बिचकलेला आवाज ऐकला की आईपणावर वेगळं भाषण लागत नाही.

आई-लेकीच्या जोड्या पण आहेत. सिस्टर रोझेटा थार्प, जिच्या इलेक्ट्रिक गिटारवर रॉक अँड रोल उभं राहिलं असं म्हणतात, तिची आई केटी बेल न्यूबिन स्वतः चर्चमध्ये गायची, मँडोलिन वाजवायची आणि प्रवचनं करत फिरायची, पोरगी तिच्या बरोबरच शिकली. सिसी ह्यूस्टन नेवार्कच्या न्यू होप बॅप्टिस्ट चर्चचा क्वायर (गायनवृंद) सांभाळायच्या आणि त्यांची लेक व्हिटनी त्याच क्वायरमध्ये तयार झाली. एखादी जोडी घ्या, दोन्ही आवाज लागोपाठ लावा, मधे काही बोलू नका.

रॅपर-गायिका लॉरिन हिलचं १९९८ चं ‘टू झायन’ हवंच हवं. करिअर ऐन भरात, पोटात बाळ, आणि आजूबाजूचे सांगतायत की बाई जरा डोक्याने विचार कर, त्यावर तिने हे गाणं केलं. गिटारवर कार्लोस संताना. त्याच अल्बमला पुढे अल्बम ऑफ द इयरचा ग्रॅमी मिळाला, हिपहॉपमधला पहिलाच.

मधल्या भागात जड गाणी घ्या. ‘समटाइम्स आय फील लाइक अ मदरलेस चाइल्ड’ हे गुलामगिरीच्या काळातलं, जेव्हा आईपासून तोडून पोर विकून टाकायचे. याच्यानंतर लगेच टाळ्या वाजवायला लावू नका प्लीज. आणि थॉमस डॉर्सी. १९३२ मध्ये हा गॉस्पेलचा (ब्लॅक चर्चमधल्या भक्तिसंगीताचा) बाप माणूस कार्यक्रमासाठी सेंट लुइसला होता, तिथे तार आली की शिकागोत बायको नेटी बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखातून ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ आलं, तेच गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सनने १९६८ मध्ये मार्टिन लूथर किंग यांच्या अंत्यविधीच्या वेळी गायलं. हे सांगितलंत की एकच आकडा सांगा, जास्त नको: २०२३ मध्ये अमेरिकेत दर एक लाख जन्मांमागे ५०.३ ब्लॅक आया दगावल्या, गोऱ्या आयांमध्ये हेच प्रमाण १४.५ होतं. म्हणजे तिपटीहून जास्त. नव्वद वर्षांत औषधं बदलली, हॉस्पिटलं बदलली, आणि तरी हे. टेनिसपटू सेरेना विल्यम्ससारख्या बाईला २०१७ मध्ये बाळंतपणानंतर ‘मला श्वास लागतोय, स्कॅन करा’ म्हणून मागे लागावं लागलं, आणि फुप्फुसात गुठळ्या निघाल्याच. म्हणून निवेदन करणाऱ्याला आधीच बजावून ठेवा की ‘या बायका किती सोसतात, किती खंबीर असतात’ हे पालुपद नको. सोसतेच म्हटलं की मग तिचं दुखणं कोणी मनावर घेत नाही.

माझ्या मते अख्ख्या कार्यक्रमाचा गाभा एक पाच ओळींचं गाणं असावं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला लोरेन्झो डाऊ टर्नर नावाच्या ब्लॅक भाषातज्ज्ञाने जॉर्जियाच्या किनाऱ्यावर हॅरिस नेक इथे अमेलिया डॉली या बाईकडून ते रेकॉर्ड केलं. तिला अर्थ माहीत नव्हता, घरच्या बायकांकडून आलेलं तसंच्या तसं तोंडात बसलेलं. भाषा निघाली मेंडे, सिएरा लिओनची. अमेलियाने ते आपल्या लेकीला, मेरी मोरानला दिलं. पुढे बऱ्याच वर्षांनी संशोधक शोधत शोधत सिएरा लिओनमधल्या सेनेहुन न्गोला गावात पोचले तर तिथे बाइंदू जबाती नावाच्या बाईला जवळपास तेच गाणं येत होतं, तिला तिच्या आजीने शिकवलेलं. बायका माणसाला निरोप देताना कबरीपाशी म्हणायच्या ते. तिथल्या यादवी युद्धामुळे भेट लांबली, पण १९९७ मध्ये मेरी मोरान त्या गावी जाऊन आलीच. विचार करा, गुलामांच्या जहाजात सगळं हिसकावलं गेलं, नाव, गाव, भाषा, आणि हे गाणं आई-लेक, आई-लेक करत दीडशे-दोनशे वर्षं टिकलं. मांडताना आधी नुसतं गाणं ऐकवा, काहीही न सांगता, लोक जरा गोंधळतील, गोंधळू द्या, मग दोन-तीन मिनिटांत गोष्ट सांगा आणि परत एकदा ऐकवा. दुसऱ्यांदा ऐकताना खोली वेगळीच असते.

यानंतर जेवण. ज्यांचा सन्मान करताय त्यांनाच आदल्या रात्री किचनमध्ये उभं करू नका, ‘तुमच्या हातचे कॉलर्ड ग्रीन्स (एक पालेभाजी) भारी असतात हो’ असं गोड बोलून तर अजिबातच नाही. एखाद्या ब्लॅक मालकीच्या हॉटेलातून ग्रीन्स, मॅक अँड चीज, कॉर्नब्रेड, पीच कॉब्लर मागवा.

दारात फुलांच्या दोन टोपल्या ठेवा. बऱ्याच ब्लॅक चर्चमध्ये मदर्स डेला ज्याची आई आहे तो लाल फूल लावतो, ज्याची गेली तो पांढरं. तुम्ही नुसत्या टोपल्या ठेवा, ‘तुमची आई आहे का?’ असं दारातच कोणाला विचारू नका, ज्याला जे घ्यायचं ते घेईल, कोणाला काहीच घ्यायचं नसेल तर तेही ठीक. पहिली रांग म्हाताऱ्या बायकांसाठी राखा, चर्चमध्ये पांढरे कपडे आणि मोठ्या हॅट घालून बसणाऱ्या चर्च मदर्सना असाच मान असतो. हो, आणि त्यांच्या हॅटमागे स्क्रीन दिसत नाही, त्यामुळे स्क्रीन उंच लावा. एक बंद खोली बाळांना पाजायला ठेवा, आत खुर्ची आणि पाणी. स्पीकर आजींच्या कानाशी नको.

लायसन्सचं थोडक्यात: घरी चार माणसांत गाणी लावलीत तर कोणी विचारत नाही, पण सार्वजनिक हॉल असेल तर हॉलवाल्यांकडे अॅस्कॅप आणि बीएमआय या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचं लायसन्स आहे का विचारून घ्या, बहुतेक वेळा असतं. ऑनलाइन लाइव्ह दाखवायचं असेल तर ती भानगड वेगळी, हॉलच्या लायसन्समध्ये ते येईलच असं नाही, आणि कॉपीराइटमुळे मधेच आवाज बंद होतो तो वेगळाच ताप. आणि गाणी अॅपवर लावणार असाल तर जाहिराती बंद असलेलं अकाउंट वापरा, महालियाच्या मागोमाग इन्शुरन्सची जाहिरात नको.

शेवटचा अर्धा तास मोकळा ठेवा. माईक फिरवायचा, आणि प्रत्येकीने आपल्या आईचं किंवा आजीचं नाव घ्यायचं आणि ती काय गुणगुणायची ते सांगायचं, येत असेल तर एक ओळ म्हणायची. वयाने मोठ्या आधी. ‘आईबद्दल काहीतरी सांगा’ असं म्हटलंत तर सगळ्या अवघडतात, त्यापेक्षा ‘केसांच्या वेण्या घालताना आई काय म्हणायची?’ असं विचारा, लगेच कोणीतरी हसतं आणि सुरू होतं. कोणाची आईशी पटत नसेल, कोणाचं बाळ गेलेलं असेल, तिने माईक नुसता पुढे दिला तरी चालेल हे आधीच सांगून ठेवा.

हे रेकॉर्ड करणार असाल तर आधी प्रत्येकीची परवानगी घ्या. फोन एअरप्लेन मोडवर, टेबलावर घडी घातलेल्या कपड्यावर ठेवा म्हणजे खडखड येत नाही, पंखा बंद करा. फाईलच्या नावात गाणारीचं नाव, तिने कोणाकडून शिकलं ते आणि तारीख टाका, नाहीतर वर्षभराने कोणाचा आवाज कुठला काही कळत नाही. कॉपी पहिल्यांदा तिच्या घरच्यांना पाठवा, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका.