वजनाच्या ऑपरेशननंतर घरी आल्यावर रोजचं जगणं कसं बसवायचं

बॅरिॲट्रिक सर्जरी, म्हणजे वजन उतरवायचं पोटाचं ऑपरेशन, करावी का नाही यावर हल्ली बरंच बोललं जातं, पण ऑपरेशन होऊन घरी आल्यावर सकाळी उठून नेमकं काय घ्यायचं, शेजारच्या काकू वाटीभर शिरा घेऊन आल्या तर काय करायचं, कुठली गोळी कधी, कामावर कधी जायचं, हे कुणी नीट बसून सांगत नाही. माझं बायपास झालंय (हृदयाचं नाही, जठराचं) आणि माझ्या चुलत बहिणीचं स्लीव्ह, दोघीही सांगलीतच राहतो, त्यामुळं दोन्ही प्रकार घरात बघितलेत. माझं म्हणणं एकच आहे. ऑपरेशननं पोट बदलतं, पण घरातलं ताट, जेवायच्या वेळा आणि पाहुणचार तोच राहतो, आणि ते आपल्यालाच बदलून घ्यावं लागतं. आणि हो, तुमच्या सर्जननं आणि डाएटिशियननं दिलेला तक्ता पहिला, माझं त्याच्यानंतर.

पायरी १: आपलं काय झालंय ते नीट माहीत करून घ्या

स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण किंवा त्याहून जास्त भाग काढून टाकतात आणि एक अरुंद नळी ठेवतात. बायपासमध्ये जठराचा अगदी छोटा कप्पा, नेहमीच्या बायपासला साधारण ३० मिलीचा, वेगळा करून थेट पुढच्या आतड्याला जोडतात, म्हणजे अन्न आतड्याच्या सुरुवातीच्या भागातनं जातच नाही. हा फरक पाठ पाहिजे, कारण बायपासवाल्यांना गोडाचा त्रास जास्त होतो, लोह, कॅल्शियम, बी-१२ कमी शोषलं जातं, आणि पेनकिलरनं अल्सर व्हायची भीती मोठी असते. स्लीव्हवाल्यांना छातीत जळजळ, ॲसिडिटी जास्त.

डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि घरातल्या एकाला तरी पाठवा. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं ऑपरेशन पुण्या-मुंबईला झालेलं असतं आणि कंबर दुखली, ताप आला तर आपण जातो कोपऱ्यावरच्या दवाखान्यात, आणि तिथं अंगदुखी म्हटलं की डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन मिळायची शक्यता असते. आधीच सांगायचं, "डॉक्टर, माझं वजनाचं, जठराचं बायपास झालंय, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नको, पॅरासिटामॉल चालेल." मेडिकलमधनं स्वतः गोळी आणतानापण हेच, पट्टीच्या मागं बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात ते वाचा, कारण बऱ्याच मिक्स गोळ्यांत आयबुप्रोफेन असतं.

पायरी २: कशाला थांबायचं नाही ते फ्रिजवर चिकटवा

ताप, छातीत धडधड जी बसून पण कमी होत नाही, पोटात वाढत जाणारं दुखणं, डाव्या खांद्यात दुखणं, दम लागणं, एका पोटरीला सूज आणि दुखणं, काळी शी, दिवसभर पाण्याचा घोटसुद्धा न टिकणं. यातलं काहीही झालं तर रात्र काढू नका. आपल्याला मिरज जवळ आहे, तिथं मोठी हॉस्पिटलं आहेत, आधी तिथं गाठा आणि वाटेतनं आपल्या सर्जनला फोन लावा. "सकाळी बघू" हे या दिवसांत चालत नाही.

पायरी ३: पहिले दीड-दोन महिने, पातळ ते घट्ट

पहिले एक-दोन दिवस नुसतं पाणी, पातळ सूप असं, मग साधारण दोन आठवडे पातळ पदार्थ, पुढचे दोन आठवडे मिक्सरमधनं काढलेलं, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी हळूहळू घरचं नेहमीचं. प्रत्येक हॉस्पिटलचे दिवस थोडे पुढं-मागं असतात.

पातळ म्हटलं की लोक नारळपाणी आणि ज्यूसवर जातात आणि मग अशक्तपणा येतो, कारण त्यात प्रोटीन नाहीच. आपल्याकडं याला चांगला उपाय आहे, मुगाचं कढण आणि हुलग्याचं माडगं. माडगं करताना हुलग्याचं पीठ एक चमचा, पाण्यात गुठळी न होता कालवायचं, उकळत्या पाण्यात सोडून दहा-बारा मिनिटं चांगलं शिजू द्यायचं, मीठ, जिऱ्याची पूड, बास. गूळ नाही, तिखट नाही, वरनं तुपाची धार नाही. गाळणीतनं काढा आणि कोमट झालं की चमच्यानं घ्या, अर्धी वाटी प्यायला अर्धा तास लागला तरी लागू दे. सोबत ताक, साय काढलेलं दूध आणि डाएटिशियननं सांगितलेली प्रोटीन पावडर. दूध काहींना ऑपरेशननंतर पचत नाही, पोट गुडगुडतं, मग ताक-दह्यावर या.

चहा पहिला महिना बंदच ठेवलेला बरा. मला माहितीय हे सगळ्यात अवघड आहे.

पायरी ४: ताटाची आणि तांब्याची जागा बदला

जेवताना उजव्या हाताला पाण्याचा तांब्या ही आपली पद्धत, ती मोडायला लागते. पाणी आणि जेवण एकत्र करायचं नाही, जेवायच्या आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. तांब्या सरळ दुसऱ्या खोलीत ठेवा, नाहीतर हात आपोआप जातो. आणि मधल्या वेळात मात्र घोट घोट करत दिवसाचं दीड ते दोन लिटर झालं पाहिजे, एका वेळी गटागटा जातच नाही, त्यामुळं बाटली सतत जवळ. एप्रिल-मे मध्ये सांगलीच्या उन्हात हे विसरलात तर चक्कर आणि मुतखडा दोन्ही गाठतात. सोडा, कोल्ड्रिंक नको, गॅसनं पोट तडतडतं.

ताटाऐवजी नाश्त्याची छोटी डिश आणि चहाचा चमचा वापरा. घास बोटाच्या पेराएवढा, अगदी पीठ होईपर्यंत चावायचा, जेवण वीस ते तीस मिनिटं चालवायचं, आणि छातीच्या मध्ये दाटल्यासारखं झालं, उचकी आली, नाक वाहायला लागलं की तिथंच थांबायचं. पुढचा एक घास जास्त झाला की उलटी होते, आणि उलट्या रोज व्हायला लागल्या तर "सवय होईल" म्हणून बसू नका. त्यात बी-१ व्हिटॅमिन झपाट्यानं कमी होतं आणि नसांना, मेंदूला कायमचा त्रास होऊ शकतो.

खाताना क्रम ठेवा, आधी प्रोटीन, मग भाजी, शेवटी जागा उरली तर भाकरी-भात. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन लागतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ते असं बसतं, सकाळी एक अंडं (६ ग्रॅम), मधल्या वेळी दुधात प्रोटीन पावडर (साधारण २५), दुपारी ५० ग्रॅम पनीर (९) आणि अर्धी वाटी घट्ट वरण (४), संध्याकाळी अर्धी वाटी दही (३), रात्री ५० ग्रॅम चिकन (१२-१३). झाले साठच्या आसपास. शाकाहारी असाल तर चिकनच्या जागी सोया चंक्स, कोरडे २५ ग्रॅम घेतले तर तेवढंच मिळतं, फक्त चांगले भिजवून, पिळून, बारीक करून.

चपाती आणि पाव बऱ्याच जणांना सुरुवातीला अडकतो, गोळा होतो. ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून जास्त सोपी जाते. मटणाचे तुकडे लगेच नकोत, खिमा करा. कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत, बिया-साल काढून, कमी तेलात, हे मऊ आहाराच्या दिवसांत फार छान लागतं, पण ते भाजी म्हणूनच धरा, प्रोटीन म्हणून नाही.

पायरी ५: गोळ्यांचं टाइमटेबल, आणि ते कायमचं

इथं लोक सगळ्यात जास्त ढिले पडतात. वजन उतरतं, बरं वाटायला लागतं, आणि सहा-आठ महिन्यांनी गोळ्या बंद. त्याचे परिणाम लगेच दिसत नाहीत म्हणूनच ते वाईट, बी-१२ कमी पडलं की हातापायाला मुंग्या, विसरायला होणं, लोह कमी पडलं की जिना चढताना धाप. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम हे आयुष्यभराचं आहे. कॅल्शियम सगळं मिळून दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅमच्या आसपास लागतं, एकदम नाही, दोन-तीन वेळा विभागून, आणि मेडिकलवाल्याला कॅल्शियम सायट्रेटच मागा, कारण कार्बोनेट विरघळायला पोटात ॲसिड लागतं आणि तेच आपल्याकडं कमी झालेलं असतं. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये किमान दोन तास. लोहाच्या गोळीवर चहा तर अजिबात नको. माझं असं बसलंय, सकाळी मल्टिव्हिटॅमिन, दुपारी आणि संध्याकाळी कॅल्शियम, रात्री झोपताना लोह.

शुगर-बीपीच्या जुन्या गोळ्यांचं उलटं आहे. ऑपरेशननंतर शुगर वजन उतरायच्या आधीच खाली यायला लागते, त्यामुळं जुना डोस चालू ठेवला तर शुगर धोक्याच्या पातळीवर पडू शकते. घरी मशीनवर रोज बघा, वहीत लिहा, डोस डॉक्टरांकडनं कमी करून घ्या. स्वतः बंद करू नका.

पायरी ६: पाहुणे, लग्न, उपवास

"एवढंच? अंगावर काय राहिलंय, खा की गं." हे ऐकायची तयारी ठेवा. आत्याच्या मनात प्रेमच असतं, आपल्याकडं आग्रह केला नाही तर पाहुण्याचा मान राहिला नाही असं वाटतं त्यांना. वाद घालून उपयोग नाही आणि प्रत्येकाला ऑपरेशनची गोष्ट सांगायची तुमच्यावर सक्ती पण नाही. "पोटाचं औषध चालूय, डॉक्टरनी थोडं थोडं खायला सांगितलंय" एवढं पुरतं. लग्नात पंगतीला बसू नका, बुफे असेल तर स्वतः वाढून घ्या, थोडी मटकी, थोडं पनीर, आणि ते ताट हातात धरून गप्पा मारा. रिकामं ताट दिसलं की वाढपी येतोच, भरलेल्या ताटाकडं कुणी बघत नाही. घरनं निघताना थोडं प्रोटीन खाऊन निघा म्हणजे मंडपात भुकेनं गोडावर हात जात नाही.

गोडाचं बायपासवाल्यांना फार जपावं लागतं. दोन पेढे, ग्लासभर उसाचा रस, मूठभर बेदाणे असं काही खाल्लं की दहा-तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब, आणि आडवं पडावंसं वाटतं. याला डंपिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी शुगर एकदम उतरून थरथर सुटते. गणपतीत मोदकाचा प्रसाद म्हणून नखाएवढा तुकडा तोंडात टाका, देव रागावत नाही. तासगावची द्राक्षं हंगामात समोर असतात, पुढं सहा महिन्यांनी जेवणानंतर चार-पाच मणी चालतात बहुतेकांना, घोसच्या घोस नाही.

संकष्टी, एकादशी, नवरात्र पहिलं वर्षभर तरी सोडा. पाणी आणि प्रोटीन दोन्ही बुडतं, आणि साबुदाणा म्हणजे नुसतं चिकट पिष्ट. घरात सासूबाईंना हे पटवणं नवऱ्यानं करावं, सुनेवर टाकू नये.

मिश्री, तंबाखू, सिगारेट, पूर्ण बंद. जोडलेल्या जागी अल्सर होतो. मिश्रीला आपल्याकडं बायका व्यसन धरतच नाहीत म्हणून मुद्दाम लिहितेय. दारू तर बायपासनंतर फार पटकन चढते आणि व्यसन लागायचा धोका वाढतो.

पायरी ७: चालणं, काम, गाडी

चालणं हॉस्पिटलातच सुरू होतं, घरी आल्यावर दिवसातनं चार-पाच वेळा पाच-दहा मिनिटं, मग वाढवत नेऊन आमराईत सकाळची फेरी. पहिले चार-सहा आठवडे पाच किलोच्या वर उचलायचं नाही, म्हणजे पाण्याची कळशी, गॅस सिलिंडर, नातवाला कडेवर घेणं, सगळं बंद. खुर्चीवरचं काम असेल तर दोन-तीन आठवड्यांत जमतं, शेतातलं किंवा गोठ्यातलं असेल तर डॉक्टरला विचारूनच. टू-व्हीलरचं पण तसंच, आपल्या रस्त्यांवरचे खड्डे लक्षात घ्या.

पायरी ८: तिसऱ्या महिन्यानंतरचं अंग आणि मन

तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान केस झुपक्यानं जातात. घाबरू नका, झपाट्यानं वजन उतरल्याचा तो परिणाम असतो, प्रोटीन, लोह नीट असेल तर परत येतात. वेगानं वजन उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात, त्यासाठी काही डॉक्टर सहा महिने गोळी देतात, ती सोडू नका. मूल हवं असेल तर साधारण १२ ते १८ महिने थांबा, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका, डॉक्टरांशी बोलून तांबीसारखा दुसरा उपाय घ्या. ज्यांना लग्नानंतर वर्षानुवर्षं दिवस राहत नव्हते त्यांना वजन उतरल्यावर अचानक राहू शकतात.

लोक म्हणतात "किती वाळलीस, काही आजार आहे का", आणि आरशात बघितलं की लोंबणारी कातडी दिसते. रडू येतं, येऊ दे. आधी वैताग आला की खाणं हा आधार होता, तो गेला आणि त्या जागी दुसरं काही लगेच मिळत नाही. झोप उडाली, कशातच मन लागेना असं आठवड्यामागून आठवडे चाललं तर मानसोपचारतज्ज्ञाकडं जा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पायरी ९: दुसरं वर्ष

दीड-दोन वर्षांनी वजन उतरायचं थांबतं आणि काहींचं थोडं परत चढतं. याचं मोठं कारण म्हणजे दिवसभर चरणं, आणि आपल्या गावात त्याचं नाव भडंग. ते तोंडात घातलं की विरतं, पोट भरल्याचं कळतच नाही, टीव्ही बघता बघता मोठी वाटी संपते. चिवडा, फरसाण, बिस्किटं, आइस्क्रीम सगळं त्याच जातीचं. घट्ट प्रोटीननं पोट दाटतं, याच्यानं नाही, म्हणून डबा घरात ठेवूच नका, मुलांना हवं असेल तर छोटी पुडी आणा आणि संपवू दे त्यांना. आठवड्यातनं एकदा, ठरलेल्या वारी, वजन करा. दोन-तीन किलो वर गेलं की लगेच डाएटिशियनला फोन करा, दहा किलो व्हायची वाट बघू नका.

रक्त तपासणी पहिल्या वर्षी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, त्यानंतर दरवर्षी. लॅबच्या तयार पॅकेजमध्ये बऱ्याचदा हिमोग्लोबिन असतं पण फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, नसतं, म्हणून चिठ्ठीवर लिहूनच न्या: हिमोग्राम, फेरिटिन, बी-१२, फॉलिक ॲसिड, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, पीटीएच, अल्ब्युमिन, एचबीए१सी. बायोटिनच्या केसांच्या गोळ्या घेत असाल तर लॅबवाल्याला आधी सांगा, त्यानं काही रिपोर्ट चुकीचे येतात, आणि सगळे रिपोर्ट एकाच फाईलमध्ये तारखेनं लावून ठेवा.