मुलांना घेऊन जर्मनीत घर मांडताय? या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात हात बसलेला इंजिनिअर श्टुटगार्टला नाहीतर म्युनिकला जातो आणि काही महिन्यांनी मागोमाग बायको-मुलं निघतात. निघताना सगळं लक्ष व्हिसावर आणि बॅगेच्या वजनावर. पण बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांमध्ये जी रडगाणी फोनवर ऐकू येतात, ती व्हिसाची नसतात. ती दारावरच्या पाटीची, किल्लीची आणि खिडकीची असतात.

पाटीवर एकच आडनाव

तिकडे फ्लॅटला बहुधा नंबर नसतो. पोस्टमन पत्रपेटीवरचं आडनाव वाचतो आणि पत्र टाकतो. नाव दिसलं नाही की पत्र परत. आपल्याकडे गोची अशी, की कर्नाटकातल्या कागदपत्रांत एकाच घरात तीन आडनावं निघू शकतात: नवऱ्याचं एक, बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं, आणि मुलाच्या पासपोर्टवर आडनावाच्या जागी बापाचं नाव. पेटीवर आणि बेलवर तिन्ही लावा, अगदी पासपोर्टवरच्या स्पेलिंगनं. कर क्रमांक, बँकेचा पिन, विम्याचं कार्ड हे सगळं पोस्टानं येतं.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा वेगळा कागद लागतो, नुसता भाडेकरार चालत नाही. तो चावी घेतानाच मागा. मुलांचे जन्मदाखले निघण्याआधी उघडून बघा. कित्येक दाखल्यांत मुलाचं नावच घातलेलं नसतं. हाताने लिहिलेला नुसता कन्नड दाखला असेल, तर कन्नड-इंग्रजी असा नवा काढून घ्या. हे काम बेळगावात बसून होतं, तिकडून भावाला नाहीतर सासऱ्यांना पळवण्यात अर्थ नाही.

‘रिकामं’ म्हणजे खरंच रिकामं

इथं रिकाम्या घरात निदान कडप्पा आणि सिंक असतं. तिथं कित्येक घरांत स्वयंपाकघर म्हणून फक्त चार भिंती आणि नळाचा पाइप असतो, छतातून दिव्याच्या वायरी लोंबकळत असतात. लहान मूल घेऊन अंधारात पहिली रात्र काढायची नसेल, तर ओटा आणि दिवे आहेत का, हे आधी विचारा. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या कोऱ्या भाड्याइतकी, म्हणजे हीटिंग वगैरे खर्च वगळून. ती तीन हप्त्यांत देता येते. घर न दाखवता पैसे मागणारा भेटला, तर तो घरमालक नव्हेच समजा. ताबा घेताना प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढा आणि ताब्याच्या कागदावर लिहून घ्या.

कुकर, मिक्सर आणि फोडणी

ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटतो का, ते घरीच बघा. नाही चिकटला तर ते भांडं आईकडेच राहू दे. मिक्सर मात्र खुशाल न्या. तिथंही 230 व्होल्ट, 50 हर्ट्‌झ. फक्त पिन बसत नाही, म्हणून अर्थिंग असलेला चांगला अडॅप्टर घ्या. ब्याडगी मिरचीची फोडणी पडली की पॅसेजमधला धुराचा अलार्म बोंबलतो. तो काढून ठेवणं हा उपाय नव्हे. मुलांच्या झोपायच्या खोलीत आणि पॅसेजमध्ये तो कायद्यानं लागतोच. स्वयंपाकघराचं दार लावून घ्या, पंखा चालू करा, आणि मग फोडणी टाका.

खिडकी

सगळ्यात जास्त घोटाळा इथं. खानापूरच्या पावसात भिंतीला बुरा येतो, हे आपल्याला ठाऊक आहे. जर्मनीत तो थंडीत येतो, आणि आणतो आपणच. भात शिजतो, कपडे आत वाळतात, मुलांना गरम पाण्यानं आंघोळ होते. ती वाफ थंड भिंतीवर बसते. व्हिडिओ कॉलवर आजी म्हणते, “खिडकी लाव की गं, पोराला सर्दी हुईल.” आणि सून खिडकी किंचित तिरकी ठेवून दिवसभर तशीच सोडते. हा मधला मार्गच घातक आहे. हवा नीट बदलत नाही, आणि खिडकीभोवतीची भिंत मात्र गार पडत राहते. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडक्या सताड उघडा, पाच-दहा मिनिटांत घट्ट बंद करा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. घर सोडताना बुरा दिसला, तर अनामतीचा वाद हमखास होतो.

त्या खिडकीची मूठ आडवी केली की ती दारासारखी आत उघडते, वर केली की तिरकी होते. मुलांना हा खेळच वाटतो. मूठ अर्धवट फिरली, तर खिडकीचं दार एका कोपऱ्यावर लोंबकळतं आणि निखळल्यासारखं दिसतं. ओढाताण करू नका. त्याला आधार देऊन बिजागरीकडचा वरचा कोपरा चौकटीला टेकवा, मग हळूच मूठ फिरवा. जमलं नाही तर इमारतीच्या केअरटेकरला बोलवा. मुलं लहान असतील तर कुलपाची मूठ बसवून घ्या, आणि खिडकीखाली पलंग नको.

दार ओढलं की बाहेर

बाहेरून मूठ फिरत नाही; दार ओढलं गेलं की किल्लीशिवाय उघडत नाही. कचरा टाकायला बाई खाली उतरते, आत तीन वर्षांचं पोर दार ढकलतं. जादा किल्ली शेजारी ठेवा. किल्लीवाल्याला बोलवायची वेळ आलीच, तर फोनवरच पूर्ण रक्कम विचारा, रात्री आणि रविवारी दर चढे असतात. संपूर्ण इमारतीची सामायिक किल्ली हरवली तर सगळी कुलपं बदलायचा खर्च अंगावर येऊ शकतो. म्हणून नुकसानभरपाईचा विमा घ्या, त्यात किल्ली धरलेली आहे का ते वाचा. लहान मुलांनी केलेलं नुकसान धरलेलं आहे का, तेही बघा: कायद्यानं सात वर्षांखालचं मूल जबाबदार धरलं जात नाही. पोरानं शेजाऱ्याची काच फोडली तर साधी पॉलिसी हात वर करू शकते.

शाळा

गोवराच्या लशीचा पुरावा नसेल तर बालवाडीत घेत नाहीत, हा नियम 1 मार्च 2020 पासून आहे. दोन वर्षांवरच्या मुलाला दोन मात्रा लागतात. तायी कार्डावरच्या (कर्नाटकात आई-बाळासाठी मिळणाऱ्या सरकारी कार्डावरच्या) तारखा डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून, सही-शिक्का घेऊन न्या. जर्मन लवकर यावी म्हणून घरात मराठी बंद करू नका. गल्लीत कन्नड, घरात मराठी बोलत वाढलेल्या मुलाला आणखी एका भाषेचं ओझं होत नाही. गणपतीला यायचं तिकीट मात्र शाळेचं कॅलेंडर बघूनच काढा. विनापरवानगी दांडी मारली तर आईबापांना दंड होऊ शकतो. बवेरियात उन्हाळी सुट्टी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत असते, काही राज्यांत ती आधीच संपते.

परत जर्मनीला जाताना ताजा कढीपत्ता, आंबे, तूप, खवा बॅगेत नको. युरोपच्या सीमेवर काढून घेतात. नारळाला मात्र बंदी नाही.

मुलांसाठीचा सरकारी भत्ता 2025 मध्ये दर मुलामागे दरमहा 255 युरो होता. परमिट कसलं आहे त्यावर हक्क ठरतो, म्हणून आधी विचारून घ्या. घर लागू दे, मग बघू, असं म्हणत बसू नका: अर्जाच्या आधीच्या सहाच महिन्यांचे पैसे मिळतात.