कॅम्परच्या पत्र्याला घाम फुटतो तेव्हा

जानेवारीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ आमच्या कॅम्परमध्ये, म्हणजे आत झोपायची सोय केलेल्या गाडीतच, झोपलो होतो. पहाटे बाहेर गवतावर हिमकण आणि आत मागच्या दारावरून पाण्याचे ओघळ. "टप गळतोय, सिलिकॉन मारा," साताऱ्यातले मिस्त्री म्हणाले. मारलं. पुढच्या थंडीत पुन्हा तेच. मग डोक्यात उजेड पडला: जानेवारीत आपल्याकडे पाऊस कुठला? पाणी आमच्याच श्वासाचं होतं.

आतली हवा २० अंशांची आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर १२ अंशांच्या पत्र्यावर दव धरतं. काचेवरचं दव पुसता तरी येतं. पत्र्याला आतून लावलेल्या प्लायमागचं दिसतच नाही.

म्हणून आधी झोपतो तिथली पायाकडची प्लायची एक फळी उघडा. आमच्या गाडीत स्क्रू गंजलेले, प्लायच्या पाठीला काळी बुरशी आणि मागे ऊब टिकवायला भरलेलं ग्लासवूल (काचतंतूंचा कापूस) पिळलं तर पाणी निघेल असं. ओलं ग्लासवूल सरळ फेकून द्या, वाळवत बसू नका. गंज घासून प्रायमर मारा.

मग एसीच्या डक्टला लावतात ती काळी नायट्राइल रबराची शीट पत्र्याला चिकटवा. ही पाणी पीत नाही. मात्र मागे पोकळी राहिली की उबदार हवा तिथे शिरते आणि सगळी मेहनत पाण्यात. कडेपासून तळव्याने दाबत न्या, जोडांवर अ‍ॅल्युमिनियम टेप लावा. पत्र्याला आतून आधार देणाऱ्या उघड्या लोखंडी रिबा (पट्ट्या) सगळ्यात आधी गार पडतात, त्यांच्यावरही त्याच शीटची पट्टी हवी. दारांच्या तळाची भोकं मात्र बुजवू नका. काचेच्या रबरातून उतरणारं पावसाचं पाणी तिथूनच बाहेर पडतं.

एवढं करूनही वाफ बाहेर गेलीच पाहिजे. रात्री छताचा व्हेंट आणि खालची एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. थंडी वाजली तर आणखी एक वाकळ घ्या, खिडकी लावू नका.

चहा दार उघडं ठेवूनच करा. १ किलो गॅस जळला की साधारण दीड लिटर पाणी वाफ होऊन हवेत जातं. उबेसाठी शेगडी तर कधीच पेटवू नका, बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

सकाळी धुकं विरून ऊन चढलं की गादी उभी करा, सगळी दारं सताड उघडा. हिवाळ्यातली आपली दुपारची हवा कोरडी असते, तासा-दोन तासांत गाडी सुकते.

पायाकडची ती फळी मी आता चार स्क्रूंवरच ठेवलीय. फेब्रुवारीत उघडतो आणि मागे हात फिरवून बघतो.